मुद्देमाल खोलीतला तीन रुपयांचा चाकू

“साहेब, पुन्हा उघडला! पोरांची शपथ, मी हात लावलेला नाही. पुन्हा उघडला!”

व्हरांड्यात उभा राहून बोंबलणारा हा माणूस म्हणजे आमचा मुद्देमाल सांभाळणारा हवालदार. वजन शंभराच्या आसपास, मिशा अशा की एकेका टोकाला ओला पंचा वाळत घालावा. दंगलीत त्याने एकट्याने दोनशेचा जमाव मागे रेटला होता. तो स्वतः तीनशे सांगायचा, मी कमी करून लिहितो आहे. त्या दिवशी मात्र त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा असा वाजत होता की तक्रार द्यायला आलेली बाई तक्रार विसरून त्याच्याकडे बघत राहिली. ठाणे अंमलदाराने डायरीवर पेन आडवं ठेवलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. दुपारचे दोन वाजले होते.

खात्यात चौतीस वर्षं काढली, नको ते पुष्कळ पाहिलं, पण ती दुपार काही डोक्यातून उतरत नाही. नाव कुणाचंही सांगणार नाही. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी मालाड पूर्वेच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. ही हकिगत सांगायला बसलो की आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारते, “आज कितीदा उघडला?” मी वाढवून सांगतो असा तिचा जुना आरोप आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो: कागदावर तो तीनदा उघडला. पंचनामे आहेत.

तो म्हणजे चाकू. घडीचा, खिशात मावणारा. चार बोटं लांब पातं, लाकडी मूठ, दोन पितळी रिबिटा. मालाड स्टेशनबाहेर गोणपाटावर कंगवे, कुलपं, नेलकटर मांडून बसणाऱ्यांकडे असे चाकू ढिगाने असायचे. किंमत तीन रुपये, घासाघीस केलीत तर अडीच. त्याने कैरी कापावी, सुतळी तोडावी, पेन्सिलीला टोक काढावं. याने माणूस मरेल असं त्याच्या रूपाकडे बघून कुणाला वाटलं नसतं.

पण मेला होता. आरे कॉलनीच्या कुंपणाला लागून, बाहेरच्या अंगाला, एका खासगी मालकाचा म्हशींचा तबेला होता. तिथला म्हातारा राखणदार भरदुपारी पाण्याच्या हौदाजवळ पडलेला सापडला. छातीत एकच घाव, अरुंद पात्याचा. पहाटेचं दूध काढून झालं की तबेल्यातली माणसं दुपारी डाराडूर झोपतात, त्यामुळे कुणी काही पाहिलेलं नाही, कुणी काही ऐकलेलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऐंशी म्हशी उभ्या होत्या आणि एकही रवंथ करत नव्हती. तुम्ही तबेल्यात कधी गेला असाल तर ती शांतता किती वाईट असते हे तुम्हाला कळेल.

त्या दिवशी सकाळी एक धारवाला तबेल्यात येऊन गेला होता. पायाने चाक फिरवून विळे-कोयत्यांना धार लावणारा, कोकणातला माणूस, पन्नाशीचा. वीस वर्षं गिरणीत फिटर होता. संपात नोकरी गेली, तेव्हापासून चाक खांद्यावर घेऊन गल्ल्या फिरायचा. राखणदाराने त्याला फाटकात अडवलं होतं आणि दोघांची चांगली जुंपली होती, हे चार जणांनी सांगितलं. संशय घ्यायला एवढं पुरे होतं. पण हत्यार नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं की तबेल्यातला हौद उपसून बघावा. खरं तर पहिल्याच दिवशी यायला हवं होतं, पण डोकंही सरकारी होतं. तबेल्याच्या मुकादमाला सांगितलं, उद्या दुपारी माणसं तयार ठेव. मुकादम चुणचुणीत माणूस, “हो साहेब, झालंच म्हणून समजा” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तोच मुकादम ठाण्यात आला. माझ्या टेबलाजवळ वाकून खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. धारवाल्याच्या घरी चुलीवरच्या फळीवर लोखंडी पेटी आहे. त्यात बघा.”

“तुला काय माहीत?”

“भांडण झाल्यावर तो चाकू लपवताना दिसला होता. तेव्हा भीती वाटली, बोललो नाही.”

दोन पंच घेतले. आमचे पंच म्हणजे समोरचा पानवाला आणि त्याच्या शेजारचा शिंपी, दोघांच्या सह्या आमच्या ठाण्याच्या निम्म्या कागदांवर असतील. धारवाल्याच्या खोलीत गेलो, पेटी काढली, एक विळा, कानशी आणि सहाणेच्या दगडांखाली चाकू मिळाला. मिटलेला होता. तिथेच पंचनामा केला, चाकू खाकी पाकिटात घातला, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली, लाखेचं सील मारलं. धारवाला नुकताच धंद्यावरून परतला होता. त्याची बायको चुलीपुढे उभी होती. आम्ही तिला काही विचारलं नाही. आणि हौद? हत्यार मिळाल्यावर हौद कोण उपसतो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सात दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशी मीच केली. त्या काळच्या चौकशीचा सगळा तपशील मी लिहीत बसत नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यावं. धारवाला माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा आणि घाबरला की मालवणीवर यायचा. “ह्यो चाकू माजो न्हय, सायबानू.” आणखीही काहीबाही सांगत होता. सिनियर साहेब रोज विचारत होते, कबूल झाला का? सातव्या दिवसानंतर कागद पुढे जाणार होते आणि त्या कागदांच्या शेवटी जन्मठेप होती, कदाचित फाशीसुद्धा. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहायची.

आता चाकूकडे येतो. पाकीट तपासणीला पाठवायचं होतं, पत्रावर सिनियर साहेबांची सही व्हायची होती, म्हणून ते मुद्देमाल खोलीतल्या फळीवर होतं. खोलीला पत्र्याचं छप्पर. मे महिन्यात दुपारी आत पापड भाजून निघाला असता. जप्त केलेल्या सायकली, रक्ताळलेली उशी, कुणा नवरीची ट्रंक, चोरीची एक डझन बंद घड्याळं, आणि त्यांच्यामध्ये हे पाकीट.

पहिल्यांदा उघडला तो कोठडीच्या दुसऱ्या दिवशी. हवालदाराला पाकिटाच्या कोपऱ्यातून टोक बाहेर आलेलं दिसलं, आतून कागद फाडून. सील जिथल्या तिथे. मला वाटलं, कुणीतरी पाकीट आपटलं असेल. पंच बोलावले, चाकू दाबून मिटवला, नवं पाकीट, नवं सील, पंचनामा.

दुसऱ्यांदा उघडला तेव्हाची बोंब तुम्ही वर ऐकलीच. या वेळी पातं निम्मं बाहेर होतं. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, म्हातारा शांत झालेला नाही. तो काहीतरी मागतोय.”

“काय मागतोय?”

“ते त्याला विचारायला मी आत जाणार नाही.”

आत जाऊन पाहिलं तर फळीखाली लिंबू आणि विझलेली उदबत्ती. आदल्या दिवशीच त्याने सोय करून ठेवली होती. पानवाल्याने सही केली. शिंपी म्हणाला, “साहेब, मला यातून वगळा, घरी बाई गरोदर आहे.” त्याची समजूत घालायला माझी अर्धी दुपार गेली. चाकू मिटवताना या वेळी हाताला वेगळं लागलं. पहिल्या दिवशी घट्ट बसला होता, आज ढिला बसला, जणू आत कुणी बोट घालून ठेवलंय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, स्वतः बघायचं. बारा वाजता खुर्ची घेऊन मुद्देमाल खोलीत बसलो, दार लावून घेतलं. हवालदार बाहेर कडीला हात लावून उभा. आत घामाच्या धारा, पत्रा मधून मधून कडकड करत होता. पाकीट माझ्यापासून हातभर लांब. बारा वाजून वीस मिनिटं झाली आणि पाकिटाचा कागद हलला.

वारा नव्हता. खोलीला खिडकीच नाही. कागद एका बाजूने हळूच फुगला, झोपलेल्या माणसाची छाती फुगते तसा, आणि तसाच राहिला. मग आतून नखाने खरवडल्यासारखा आवाज आला. मग टक् असा आवाज झाला, आणि चार बोटांचं पातं कागद फाडून सरळ माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. खोलीतली बाराही घड्याळं त्या क्षणी सुरू झाली असं मी सांगतो. घरी ते कुणाला पटत नाही, तेव्हा सोडून द्या. चाकू मात्र उघडला. मी ओरडलो की नाही हे मला आठवत नाही. हवालदार सांगतो, ओरडलो.

तो धडपडत आत आला, आम्ही दोघं त्या चाकूकडे बघत उभे. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या लॉकअपमधून आवाज आला. अगदी साधा, कंटाळलेला.

“सुकलो तो, सायबानू.”

मी बाहेर येऊन गजांसमोर उभा राहिलो. “काय म्हणालास?”

“चाकू वाळला. लाकूड वाळलं.” तो भिंतीला टेकून बसला होता. “मला दाखवा एकदा. हात लावत नाय, लांबून दाखवा.”

पंचांसमक्ष चाकू लांबून दाखवला. आणि त्या माणसाने, ज्याच्या गळ्याभोवती त्या चाकूमुळे फास पडत होता, मला त्या चाकूचं मोल समजावून सांगितलं. तसं मला खात्यात कुणी काही शिकवलं नसेल.

“पातं झकास आहे. मशीनच्या करवतीचं पातं घासून केलंय, मी धार लावली तर दाढी होईल. तीन रुपयांत असं पोलाद मिळत नाय. पैसे वाचवले ते मुठीत. हे आंब्याचं लाकूड, कच्चं. आणि पात्याच्या बुडाला खाच हवी, पाठीतली कमान तिच्यात बसते, मग चाकू मिटलेला राहतो. ती खाच घासायला अर्धा तास लागतो. म्हणून घासतच नाय. मग मिटलेला कसा राहतो? नुसता लाकडाच्या चिमटीत. लाकूड ओलं असेल तर गच्च, वाळलं की कमान पात्याला बाहेर ढकलते. ह्यो चाकू ज्याच्याकडे असतो ना, तो त्याला मिटल्यावर सायकलच्या ट्यूबची रिंग घालतो. नायतर खिशात उघडून मांडी फाडतो.”

“मग?”

“मग काय. माझ्या घरी चुलीवरच्या फळीवर चार दिवस होता म्हणता. तिथे लाकडाचा कोळसा होतो. तिथला चाकू तुमच्या खोलीत येऊन कशाला वाळेल? तो आधीच वाळायला हवा. ह्यो पाण्यातनं आलाय.”

मी तसाच बाहेर पडलो. पायरीवर त्याची बायको होती. पहिल्यांदाच तिला विचारलं, छाप्याच्या दिवशी सकाळी घरी कोण आलं होतं?

“मुकादम आलेला. विळा धारेला देऊन गेला. हे धंद्यावर गेलेले. माझे हात पिठाचे होते, मी म्हटलं पेटीतच ठेवा.”

तिथून तबेल्यावर. मुकादम म्हशीला पेंड घालत होता. त्याच्या उजव्या मनगटावर सायकलच्या ट्यूबची काळी रिंग होती. चाकू वापरताना माणूस रिंग काढतो आणि हरवू नये म्हणून मनगटात सरकवतो. रोजची सवय. चाकू गेला तरी सवय कुठे जाते. दूध काढणाऱ्या भैय्याला नुसतं विचारलं, जनावरं बरी आहेत ना?

“अब ठीक है साब. बीच में चार-पाँच दिन इस हौद को मुँह नहीं लगाया. दूर से पानी ढोना पड़ा. अभी पीती हैं.”

“कधीपासून?”

त्याने सांगितला तो छाप्याचा दिवस. हे मी केस डायरीत लिहिलं नाही. म्हशींचा जबाब कुठल्या कलमाखाली घ्यायचा?

संशय आला, पण रिंग काय, गावात शंभर मनगटांवर असेल. धारवाल्याच्या कोठडीचे दोन दिवस उरले होते. मालाड स्टेशनबाहेरून चार चाकू विकत आणले आणि लॉकअपसमोर धरले. त्यातले दोन त्याने बोटाने दाखवले. “हे त्याच कारागिराचे.” दोन्ही रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी मिटवायला गेलो तर हाताने मिटेनात, इतकी मूठ फुगली होती. दगडाने ठोकून मिटवले. एक लगेच उन्हाच्या खिडकीत ठेवला. पहिला तास गेला, दुसरा गेला, काही नाही. सव्वादोन तासांनी, टक्.

दुसरा मी ओलाच ठेवला, आणि शेवटच्या दिवशी सकाळी मुकादमाला चहाला बोलावलं.

खिडकीजवळ बसवलं. टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता, त्यात मिटलेला चाकू. खऱ्या चाकूचं पाकीट आत कुलपात होतं. मी त्याला गावाकडचं विचारलं, पावसाचं विचारलं, म्हैस किती दूध देते ते विचारलं. तो बोलत होता, पण नजर चाकूवर.

“हा तो का, साहेब?”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “ऐकलं असशील ना, आमच्या हवालदाराचं काय झालं ते.” ऐकलं होतंच, अख्ख्या मालाडने ऐकलं होतं.

दोन तास झाले. माझ्या गप्पा संपत आल्या होत्या. मनात म्हटलं, हा काही आज उघडत नाही, संध्याकाळी धारवाल्याला पुढे पाठवावं लागणार. शेवटचं म्हणून विचारलं, “राखणदाराशी तुझं काही वाकडं होतं का रे?”

“छे. त्या दिवशी मी त्याला बघितलंसुद्धा नाही.”

टक्.

पातं उभं राहिलं. मुकादमाच्या हातातला चहा मांडीवर सांडला आणि त्याला कळलंही नाही. तो एकसारखा म्हणत होता, “उघडणार नाही. हा उघडूच शकत नाही, साहेब. मी दगडाने ठोकून मिटवलाय.”

मी विचारलं, “तू मिटवलास? कधी?” मग बाकीचं सगळं आपोआप आलं. दुधात त्याच हौदाचं पाणी घालताना राखणदाराने त्याला पकडलं होतं आणि मालकाला सांगतो म्हणाला होता. चाकू हौदात टाकला. मी हौद उपसायचं म्हटल्यावर काढला, ठोकून मिटवला आणि फडक्यात गुंडाळून धारवाल्याच्या पेटीत नेऊन ठेवला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, म्हणून लगेच पंच घेतले. त्याने स्वतः शेणाच्या ढिगातून रक्ताचा सदरा काढून दिला, आणि तो सदरा कोर्टात टिकला. शिंप्याने त्या पंचनाम्यावर सही केली, पण चाकू असलेल्या टेबलापासून चार हात लांब उभं राहून.

या केसने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. मी पूर्वी सांगायचो की स्वस्त वस्तूला कमी लेखू नये. त्या चाकूत जे चांगलं होतं ते खरंच चांगलं होतं आणि जे वाईट होतं ते त्याने कधी लपवलं नाही. माणसांच्या बाबतीत एवढं म्हणता येत नाही. हे वाक्य मी दोन सत्कारांत वापरलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण खरी शिकवण निराळी आहे, आणि ती मला धारवाल्याला सोडलं त्या दिवशी मिळाली.

कोर्टात अहवाल देऊन त्याची सुटका केली. त्याचं चाक, पेटी, कानशी, दगड सगळं मोजून परत दिलं, पावतीवर सही घेतली. त्याची बायको पेटी डोक्यावर घेऊन फाटकाशी उभी राहिली. मी खुशीत होतो. चाक उचलून त्याच्या खांद्यावर ठेवायला हात लावला, आणि तोपर्यंत ‘अरे-तुरे’ करत होतो ते सोडून म्हणालो, “काका, एवढं सगळं तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही बोललात? तुमची सात दिवसांची कोठडी आणि आमचे तीन पंचनामे वाचले असते.”

त्याने चाकाचा पट्टा खांद्यावर नीट बसवला.

“सांगितलं होतं, सायबानू. पहिल्याच दिवशी. तुम्ही तेव्हा चहा मागवत होता.”